ब्रॉडगेज पाय

विनिपेगहून मुलीचा फोन आला. "आई, डिसेंबरात येतेस ना, तर बर्फाचे बूट तिकडूनच घेऊन ये. इकडे फार महाग आहेत. तीनच गोष्टी बघ. आतून गरम हवेत, पाणी शिरायला नको आणि... जरा बरे दिसतील असे घे." तिसरी अट सांगताना तिनं आवाज एकदम मवाळ केला. ज्या अटीला आवाज मवाळ होतो तीच खरी अट असते, हे मला तिच्या लग्नाच्या बोलणीपासून ठाऊक आहे.

आता जऊळक्यात राहून बर्फाचे बूट घ्यायचे. आमच्या गावाचं कागदोपत्री नाव जऊळका रेल्वे. अकोला-पूर्णा मार्गावर स्टेशन आहे, पोलीस ठाणं आहे, पण बर्फ म्हणाल तर रसवंतीवर, नाहीतर लग्नातल्या पाण्याच्या पिंपात. थंडी पडते, नाही असं नाही. पौषात पारा दहाच्या आसपास उतरला की गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. पण वऱ्हाडात थंडी कानातून शिरते, असं शास्त्र आहे. म्हणून डोक्याला कानटोपी, कानटोपीवर मफलर, अंगात स्वेटर, स्वेटरवर शाल आणि पायात रबरी स्लीपर. पायातूनही थंडी शिरते हे आमच्याकडे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

पाण्याचंही तेच. आमची जमीन काळी. मृगाचे दोन पाऊस झाले की शेताच्या वाटेवर चिखल असा धरतो की पाय पुढं येतो आणि चप्पल मागं राहते. तेव्हा वॉटरप्रूफ म्हणजे चप्पल काढून हातात घेणं. ही पद्धत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात चप्पल कधीही भिजत नाही.

तरी आम्ही वाशिमला गेलो. पाटणी चौकाच्या आजूबाजूला दुकानं पुष्कळ. पहिल्याच दुकानात म्हटलं, "लेडीज बूट दाखवा."

"मॉर्निंग वॉकचे का? डॉक्टरनं सांगितले?"

"नाही. बर्फावर चालायचे."

दुकानदारानं माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. बाई काही वेगळं बोलली की खुलासा नवऱ्याकडे मागायचा, हा रिवाज आहे.

"कॅनडात चालली पोरीकडं," ह्यांनी खुलासा केला.

"मंग तसं सांगा ना गुरुजी!" असं म्हणत तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि धूळ झटकत एक खोका घेऊन उतरला. आत सोनेरी पट्ट्यांचे, वीतभर टाचेचे सँडल होते. "लग्नसराईतला माल हाये. फॉरेनले असंच चालते."

शेवटी बूट मिळाले ते जिथं ताडपत्री, पाइप आणि फवारणीचे पंप मिळतात तिथं. गमबूट. काळे कुळकुळीत, गुडघ्यापर्यंत आणि फक्त पुरुषी मापात. दुकानदारानं एक बूट भरल्या बादलीत उभा करून दाखवला. आत थेंब शिरला नाही. हे इतके खूश झाले की घासाघीस करायची विसरले. तीन अटींतली एक पक्की झाली होती. उरलेल्या दोन अटी "वरून मोजे घातले की झालं" या सदरात गेल्या.

घरी आल्यावर सराव म्हणून ते घालून अंगणात फिरत होते. शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय वं, बोअर मारू रायले का?"

"कॅनडासाठी घेतले वहिनी. बर्फातले."

"अवं माय! बर्फातले बूट कोणी इकत घेते का? आम्ही मनालीले गेलो व्हतो तं रस्त्यानं लायनीनं दुकानं. गमबूट आन् कोट, दोन्ही किरायानं. मले दोन्ही डाव्या पायाचे भेटले, तरी सोलंगले फोटो काढलाच ना मी!"

"पण मी सगळा हिवाळा राहणार आहे हो तिथं."

"मंग महिन्याचा पास काढ," वहिनी म्हणाल्या.

गमबूट मुलीला व्हिडिओवर दाखवले. ती काही क्षण बोलली नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "आई, ते प्लास्टिक इकडच्या थंडीत लाकडासारखं कडक होतं. बर्फावर सरळ घसरशील. आणि आत अस्तर कुठाय? आणि प्लीज..." पुढचं वाक्य तिनं गिळलं. ती तिसरी अट होती. गमबूट शेतावरच्या गड्याला दिले. त्याच्या मापाचे निघाले, बहुधा सुरुवातीपासून त्याच्याच मापाचे होते.

अकोल्याला हिवाळ्यात तिबेटी बायका स्वेटरची दुकानं मांडतात. मला वाटलं, हिमालयापलीकडची माणसं, यांना नाही कळणार तर कोणाला कळणार? एका मावशींना विचारलं, "बर्फावर कसले बूट घालायचे हो? तुम्हाला माहीत असेल."

त्या स्वेटरची घडी घालता घालता अस्खलित मराठीत म्हणाल्या, "बाई, मी गोठणगावची. गोंदिया जिल्हा." मग आठवलं. गोठणगावला नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. "बर्फ मीबी टीव्हीवरच पाह्यला," त्या म्हणाल्या. त्यांच्या पायात माझ्यासारखीच रबरी स्लीपर होती. आम्ही दोघी खूप हसलो आणि मी उगाचच एक मफलर घेतला.

इथून पुढे सूत्रं ह्यांनी हातात घेतली. हे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांना शिकवायला विषय मिळाला नव्हता आणि वर्गही मिळाला नव्हता, आता दोन्ही एकदम मिळाले. रोज रात्री जेवणानंतर मोबाइलवरून बुटांचा धडा वाचला जायचा. त्यातून मला कळलं की गोअर-टेक्स नावाचं एक पातळ पापुद्र्याचं कापड असतं. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. बॉब गोअर नावाच्या माणसानं १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीची एक कांडी तापवून झटक्यात ओढली, ती तुटायच्या ऐवजी लांबली आणि त्यातून हे सगळं निघालं.

"म्हणजे टेफ्लॉनचा तवा पायात घालायचा," मी म्हटलं.

"तू मधी बोलू नको."

मग थिन्सुलेट आलं. बुटावर लिहिलेलं असतं, २०० ग्रॅम, ४०० ग्रॅम. जितके ग्रॅम जास्त तितका बूट गरम. ह्यांनी दोन दिवस असा समज करून घेतला की आकडा बुटाच्या वजनाचा आहे. "४०० ग्रॅम म्हंजे हलकाच हाये," असं चार लोकांना सांगूनही झालं. वास्तविक तो एका चौरस मीटर अस्तराचा भार असतो. आख्खा बूट किलोच्या आसपास भरतो, तोही एक. सामानाला मर्यादा २३ किलोची आणि तिच्यात तुरीची डाळ, शेवया, पापड, तिखट, जावयांसाठी गावरान तूप एवढे उमेदवार आधीच उभे होते.

सगळ्यात जास्त रस ह्यांना टोरोंटोच्या प्रयोगशाळेत वाटला. तिथं काइट नावाच्या संस्थेत एक बर्फाची खोली आहे. माणसाला पट्ट्यांनी छताला बांधतात, बूट घालून खऱ्या बर्फावर चालवतात आणि खोलीच हळूहळू तिरकी करत नेतात. ७ अंशांपर्यंत पाय टिकला तर बुटाला एक हिमफूल, ११ अंशांना दोन, १५ अंशांना तीन. २०१६ साली त्यांनी ९८ प्रकारचे बूट तपासले, तर ९० टक्क्यांहून जास्त नापास. "एवढा निकाल तं आमच्या शाळेचाबी कधी लागला नाही," हे हळहळले.

मध्येच एका रात्री बाटाचा धडा झाला. आमच्याकडे बाटा म्हणजे घरचा माणूस. शाळेचे काळे बूट बाटाचे आणि ९९ वर संपणाऱ्या किमतीही बाटाच्याच. पण हे मूळचे चेक. १८९४ साली झ्लिन गावात धंदा सुरू केला, १९३४ ला कलकत्त्याजवळ बाटानगर वसवलं आणि त्याच घराण्यातला मुलगा १९३९ मध्ये थेट कॅनडात गेला. तिथंही बाटावा नावाचं गाव वसवलं. टोरोंटोत तर १९९५ पासून बुटांचं मोठं संग्रहालयच आहे, बाटांचं. "पाह्य, तेबी गेले कॅनडाले," हे म्हणाले. मी म्हटलं, ते गेले तेव्हा त्यांना बूट कुठून घ्यायचे हा प्रश्न नव्हता.

शेवटी ऑनलाइन मागवायचं ठरलं. चित्रात बूट सुरेख होते. तपकिरी, वरून लव असलेली कॉलर, बाजूला सोनेरी बक्कल. खाली लोकांचे अभिप्राय. एकीनं लिहिलं होतं, "बहुत अच्छा है, अभी पहना नहीं." दुसऱ्यानं, "बायकोला आवडले, तिला माप लागलं नाही." एकानं पाचपैकी पाच तारे दिले होते आणि कारण लिहिलं होतं की डिलिव्हरीवाला मुलगा सभ्य होता.

मापाचा घोळ निराळाच. आमचा नंबर ५. तो इंग्लंडचाही ५, अमेरिकेचा बायकांचा ७ आणि युरोपचा ३८. म्हणजे विमान जसजसं पुढं जाईल तसतसा बाईचा पाय वाढतो. आणि हे सगळं लांबीचं झालं. रुंदीचं काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून जास्त माणसांचे पाय मोजले, तेव्हा कळलं की आपले पाय परदेशी साच्यांपेक्षा रुंद आहेत. आपल्यासाठी 'भा' नावाची वेगळी मापं असावीत, असं त्यांनी सुचवलं. मला हे लाख पाय मोजल्याशिवायही ठाऊक होतं. आमची अकोला-पूर्णा लाइन २००८ पर्यंत मीटरगेज होती, मग ब्रॉडगेज झाली. माझे पाय जन्मापासून ब्रॉडगेज आहेत. बायकांचे बूट बनवणारे मात्र अजून मीटरगेजच टाकत बसलेत. पुढं चिंचोळं होत गेलेलं ते टोक बघितलं की वाटतं, यांच्या बायकांना बोटं तीनच असावीत.

बूट आले. कॉलरची लव कॉलरपुरतीच होती, आत साधं पातळ कापड. टाच चित्रापेक्षा उंच. करंगळी आत जायला तयार नव्हती. शेजारच्या वहिनींनी मात्र हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "हे शोभते वं तुले!" तिथंच निकाल लागला. बाईनं "शोभतं" म्हटल्यावर करंगळीचं कोण ऐकतं?

बॅगेत तूप की बूट, असा प्रश्न आला तेव्हा तूप जिंकलं. बूट पायात घालून निघायचं ठरलं. अकोला स्टेशनवर विदर्भ एक्सप्रेसची वाट बघत उभी होते. कॉटनची साडी, पायात लवेचे बूट, वरून घाम. हमालानं सामान उचलण्याआधी माझ्या पायांकडे बघितलं. "पायाले पलस्तर हाये का, माय?" मी नाही म्हणायच्या आत त्यानं गर्दी बाजूला केली. डब्यात एका मुलानं न मागता खालचा बर्थ दिला. त्याचं मन मोडू नये म्हणून मी थोडी लंगडले.

विमानतळावर तपासणीला बूट काढायला सांगितले. माझ्या तोरडीची कडी आतल्या चेनमध्ये अडकलेली. मी वाकलेली, हे माझा बूट ओढताहेत, मागं रांग. एक पोलीसबाई आल्या, त्यांनी मला खुर्चीवर बसवून दोन्ही हातांनी बूट ओढला आणि बुटासकट दोन पावलं मागं गेल्या. "कहाँ से लिया?" त्यांनी विचारलं. त्यांनाही आवडले होते.

विनिपेगला उतरलो तेव्हा बाहेर उणे २६. दारापासून गाडीपर्यंतचं अंतर आमच्या अंगणाएवढं. तेवढ्यात डाव्या बुटाच्या तळव्यानं गोंदाशी असलेलं नातं तोडलं. जावयांनी एका बाजूनं मला धरलं, दुसऱ्या हातात तळवा धरला. सासूचा बूट हातात घेऊन चाललेला जावई मी तरी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला. ह्यांनी फोटो काढला.

दुकानात नेलं, तर तिथल्या मुलीनं लोखंडी पट्टीवर माझा पाय ठेवून सरकपट्टीनं लांबी मोजली, मग रुंदी. वाशिम-अकोल्याचा दुकानदार नुसता बघून सांगतो, "पाच." ही बाई मोजून "वाइड" म्हणाली आणि मला एकदम मान मिळाल्यासारखं वाटलं. रुंद पायांसाठी वेगळं कपाट होतं! त्यात लव नव्हती, बक्कल नव्हतं. काळे, जाडजूड, उणे ४०चं तिकीट लावलेले बूट होते. मुलगी म्हणाली, "त्या आकड्यावर जाऊ नको, तो कंपनीच लिहिते, सगळ्यांचं मोजायचं एक माप नाही." मी सवयीनं दोन जोड मोजे घालून बूट चढवला, तर दुकानातली मुलगी नको नको म्हणाली. घट्ट झाला तर रक्त खेळत नाही, आत हवा राहत नाही, पाय जास्तच गार पडतो. ह्यांनी लगेच मान डोलावली, जणू हाच धडा उद्या घ्यायचा होता.

आणखी एक गंमत कळली. उणे २५, ३० ला बर्फ कोरडा असतो. पायाखाली करकरतो, ओलं करत नाही. तिथले मूळ रहिवासी तर कातड्याचे आणि लवेचे मऊ मक्लक घालून पिढ्यान्पिढ्या अशा थंडीत वावरलेत, आणि ते घोर थंडीत उत्तम, ओल्या बर्फात निकामी. वॉटरप्रूफची गरज पडते ती पारा शून्याजवळ आल्यावर, जेव्हा रस्त्यावर बर्फाची राबडी होते आणि वर टाकलेलं मीठ बुटावर पांढऱ्या नकाशांसारखं उमटतं. म्हणजे ज्या दिवशी गरम हवा त्या दिवशी पाणी नाही आणि ज्या दिवशी पाणी त्या दिवशी एवढी थंडी नाही. मग तिसऱ्या अटीचा दिवस कोणता?

तो कळायला मुलीच्या ऑफिसात जावं लागलं. दारात सगळ्या बायका थांबायच्या, जाडजूड काळे बूट काढायच्या, पिशवीतून नाजूक टाचांचे जोडे काढून घालायच्या आणि टकटक करत आत जायच्या. चिखलाच्या वाटेनं चप्पल हातात धरून आलेल्या आमच्या बायका शाळेच्या पायरीवर अगदी हेच करतात. मी मुलीला म्हटलं, "हे मला फोनवर सांगितलं असतंस तर सोनेरी सँडल तेवढे आणले असते."

विनिपेगमधल्या फोर्क्सला रेड आणि असिनिबॉइन नद्यांचा संगम आहे. हिवाळ्यात नदीच गोठते, तिच्यावर चालायची वाट करतात, मुलं स्केटिंग करतात. नवे बूट घालून मी नदीच्या मधोमध उभी राहिले. संगम म्हटल्यावर हात आपोआप जोडले गेले आणि सवयीनं एक नाणं टाकलं. ते टण्‌कन उडून एका स्केटिंगवाल्याच्या पायाशी गेलं. त्यानं ते उचलून थँक्यू म्हणत मला परत आणून दिलं. नदीनं दान नाकारलेली मी पहिलीच असेन.

संक्रांतीला मुलीच्या ओळखीच्या एका मराठी घरी हळदीकुंकू होतं. आत शिरण्याआधी सगळ्या बायकांनी बूट काढले. तिथली रीतच तशी आहे, घरात बूट घालून कोणी फिरत नाही. दाराशी काळ्या जाडजूड बुटांचा ढीग. पैठण्या, नथी, तिळगूळ, आणि खाली सगळ्यांचे मोजे. एकीचा अंगठा बाहेर डोकावत होता. एवढे महिने बुटाच्या शोभेवर डोकं खपवलं, शेवटी लोकांनी बघितले ते माझे अकोल्याचे लोकरी मोजे, ज्यांच्या एका टाचेला वेगळ्या रंगाचा धागा होता.

निघताना ढिगात जो तो आपला जोड शोधत होता. सगळे काळे, सगळे उणे ४०. मी माझे घातले आणि घरी आले. रात्री झोपताना बघते तर उजव्या पायाचं जोडवं गायब. बूट झटकला, मोजा उलटा केला, काही नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "काकू, मी काल हळदीकुंकवाला भेटले होते, निळ्या साडीतली. तुमचं जोडवं माझ्या बुटात सापडलं."

"तुमच्या बुटात कसं जाईल?"

"म्हणजे जे माझ्याकडे आलेत त्या बुटात. मला वाटतं माझे तुमच्याकडे आहेत."

मी जाऊन बघितलं. खरंच, नाडीचा रंग निराळा होता. "तुम्हाला माझे कसे होताहेत?" मी विचारलं.

"छान होतात. करंगळी अगदी मोकळी." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि तुम्हाला माझे?"

"मलाही."

दोघीही जरा वेळ गप्प राहिलो. मग ती म्हणाली, "जोडवं तेवढं मुलाबरोबर पाठवून देते हं काकू. बूट काय, मार्चपर्यंत राहू द्या."